माझ्या विमानाला काहीच होत नाही

ज्याचं विमान कधी धड बंद पडलेलं नाही, त्याने खासगी वैमानिकांच्या अड्ड्यावर बसू नये. बसलाच तर तोंड उघडू नये. मी दोन्ही करतो आणि दर वेळी हात चोळत घरी येतो.

माझ्याकडे सेसना १७२ आहे. हे मॉडेल १९५६ साली बाजारात आलं आणि आजवर ४४ हजारांच्या वर बनलं. दुसऱ्या कुठल्याच विमानाला हा आकडा गाठता आलेला नाही. पंख डोक्यावर, चाकं कायमची खाली, चार खुर्च्या आणि दीडशे अश्वशक्तीचं एक लायकमिंग इंजिन. किल्ली फिरवली की पंखा फिरतो. दुसऱ्यांदा फिरवली तरी फिरतो. महिनाभर उभं ठेवून, मनातल्या मनात थोडी वाईट आशा धरून फिरवली, तरीही फिरतोच. माझ्या दुःखाचं मूळ नेमकं इथे आहे.

छोटी विमानं बाळगणारी माणसं उडतात कमी आणि बोलतात जास्त. ढग खाली आलेले असतात, धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसत नसतं, हवामानखात्याला शिव्या देऊन झालेल्या असतात. मग हँगरच्या दाराशी बाकं ओढली जातात आणि विषय निघतो आपापल्या विमानांचा. म्हणजे विकून टाकलेल्या विमानांचा. आत्ता दारात उभ्या असलेल्या विमानाबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्याची बिलं चालू असतात. विकलेल्या विमानाची बिलं थांबतात आणि त्या दिवसापासून ते सुधारायला लागतं. दरवर्षी थोडं जास्त वेगाने उडतं, थोडं कमी पेट्रोल पितं, थोड्या आखूड धावपट्टीवर उतरतं. आमच्या डॉक्टरांनी विकलेलं बोनान्झा आता अशा वेगाला पोचलंय की आणखी दोन-तीन वर्षांनी ते विकायच्या आधीच्या दिवशी येऊन उतरेल.

या गप्पांचा एक अलिखित कायदा आहे. विमान किती चांगलं होतं ते सांगायचं असेल, तर ते किती वाईट रीतीने फसलं तेच सांगायचं. जितकी मोठी फजिती तितका मोठा मान. ‘निघालो, पोचलो, परत आलो’ ही गोष्ट नव्हे. ती तर एसटी बस.

अण्णा आमच्यात वयाने आणि मानाने थोरले. त्यांचं विमान पायपर जे-३ कब. १९४७ पर्यंत जवळपास वीस हजार बनली आणि कारखान्यातून बहुतेक एकाच पिवळ्या रंगात बाहेर पडली. इंजिन ६५ अश्वशक्तीचं. एकट्याने उडवायचं तर मागच्या खुर्चीत बसायचं, नाहीतर तोल जातो. पुढची खुर्ची रिकामी ठेवायची आणि तिच्या पाठीकडे बघत जग पाहायचं. पेट्रोल किती उरलंय ते कळायला टाकीत एक बूच तरंगत असतं, त्यात तार खोचलेली, आणि ती तार झाकणातून वर आलेली, काचेच्या अगदी पुढे. तार उंच असली की निवांत. तार झाकणाला टेकली की ज्या शेतावर असाल ते शेत आवडून घ्यायचं.

‘‘तार खाली चाललेली,’’ अण्णा सांगतात, ‘‘वारा समोरून, आणि खालच्या रस्त्यावरचे ट्रक मला मागे टाकून पुढे जातायत. एका ड्रायव्हरने हात हलवला. मी पण हलवला. काय करणार?’’

मी एकदा मधेच म्हणून गेलो, की माझ्या विमानात दोन टाक्या आहेत, दोन काटे आहेत आणि शिवाय निघण्याआधी मी पट्टी बुडवून पेट्रोल मोजतो.

‘‘आणि काटे बरोबर दाखवतात?’’

‘‘बऱ्यापैकी.’’

अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला स्वतःचीच कीव आली.

त्यांची सगळ्यात गाजलेली आठवण पंख्याची. कबमध्ये बॅटरी नाही, स्टार्टर नाही. पंखा हाताने ओढून इंजिन चालू करावं लागतं. आत बसून ब्रेक धरायला कुणी नसेल तर चाकांना ठोकळे लावायचे, शेपूट दोराने खुंट्याला बांधायची, मगच पुढे जाऊन पंख्याला हात घालायचा. एका सकाळी दोर सुटला, ठोकळा सरकला आणि कब मालकाशिवाय निघालं. अण्णांनी धावत जाऊन पंखाचा तिरका दांडा पकडला. विमान काही थांबेना, अण्णा काही सोडेनात, त्यामुळे दोघं एकमेकांभोवती गोल गोल फिरू लागले. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा तीन फेऱ्या झाल्या होत्या. आता अण्णा फेऱ्या मोजत नाहीत, हवेत तर्जनी फिरवत राहतात आणि आपण थांबवलं की थांबतात.

काकांचं अर्कूप. हे विमान १९३७ साली पहिल्यांदा उडालं. फ्रेड वीक नावाच्या इंजिनियरने ते बनवलं आणि त्यात रडरचे पायटे, म्हणजे शेपटीवरची वळणाची फळी पायाने हलवायचे पेडल, ठेवलेच नाहीत. सुकाणूचं चाक वळवलं की एलरॉन, म्हणजे पंख झुकवणाऱ्या फळ्या, आणि रडर आपसूक एकत्र हलतात. जमिनीवरही त्याच चाकाने वळायचं, पायाशी फक्त एक ब्रेक. स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली, जाऊच शकत नाही अशी त्याला रीतसर मान्यता होती. कुणालाही उडवता यावं हा हेतू, आणि महायुद्ध संपता संपता ते अमेरिकेत चक्क डिपार्टमेंट स्टोअरमध्ये विकायला ठेवलं होतं. सदरा घ्यायला गेलेला माणूस विमान बघून येत असे. घेऊनही येत असतील काही जण. ज्या घरी आणलं असेल तिथला संवाद ऐकायला मला फार आवडलं असतं.

पायटे नाहीत म्हटल्यावर आडव्या वाऱ्यात उतरायचं कसं? बाकीचे आम्ही शेवटच्या क्षणी रडरने नाक सरळ करतो. काका तिरकेच खाली यायचे. नाक एकीकडे, धावपट्टी दुसरीकडे, आणि शेजारचा प्रवासी खिडकीतून थेट समोरची धावपट्टी बघतोय. चाकं टेकली की विमान स्वतःच सरळ व्हायचं, कारण त्याची चाकं त्यासाठीच तशी भक्कम केलेली. ‘‘विमान सरळ व्हायचं,’’ काका म्हणतात, ‘‘प्रवासी व्हायला वेळ लागायचा.’’ त्या काळात काकांच्या पायांना जी विश्रांती मिळाली तिची पुढे सवयच झाली. ते पुन्हा येईल.

ताईंनी एक मूनी विकलं आणि मग न राहवून दुसरं घेतलं. दुसरं कायम वर्कशॉपमध्ये झाकणं उघडून बसलेलं असतं, म्हणून आठवणी सगळ्या पहिल्याच्या. मूनीचा शेपटीवरचा उभा पंख पुढच्या बाजूने अगदी सरळ उभा आणि मागून तिरका असतो. इतर विमानांच्या बरोबर उलट. ‘शेपूट उलटी बसली वाटतं’ असं कुणी म्हटलं की ताई त्या माणसाशी पुढचा महिनाभर फक्त रेडिओवर बोलतात. जुन्या मूनीत चाकं वर घ्यायला मोटर नव्हती. दोन खुर्च्यांच्या मधे एक लांब दांडा. पॅनेलखालच्या खोबणीतून तो सोडवायचा, एका झटक्यात मागे आणून तळाशी अडकवायचा की चाकं आत. विमानाचा वेग कमी आहे तोवर हे मनगटाचं काम. वेग वाढला की खांद्याचं. त्याहून वाढला की दोन्ही पाय टेकून, दात-ओठ खाऊन करायचं काम, आणि तेवढ्या वेळात विमान कुठे चाललंय ते देवाला विचारायचं. ताईंच्या एका प्रवासिनीच्या पर्सचा पट्टा या दांड्यात अडकला. चाकं ना वर ना खाली. ताई दांडा ओढतायत, बाई पर्स ओढतायत, आणि दोघीही तितक्याच जिवाच्या आकांताने. ‘‘पर्समध्ये काय होतं हो एवढं?’’ असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. ताई दर वेळी म्हणतात, ‘‘ते तिने आजवर सांगितलेलं नाही.’’

आणि डॉक्टर. बोनान्झा २२ डिसेंबर १९४५ ला पहिल्यांदा उडालं. शेपटीला उभा पंख नाहीच, व्ही आकारात दोन तिरके पंख. दिसायला अतिशय देखणं, हे मीसुद्धा मान्य करतो. त्याला वैमानिकांत जे टोपणनाव पडलंय त्यात डॉक्टर हा शब्द येतो आणि पुढचा शब्द डॉक्टरी पेशाला शोभणारा नाही. ऐपत आहे पण सराव नाही अशा मंडळींनी हे वेगवान विमान हौसेनं घेतलं, त्याचा तो परिणाम. आमचे डॉक्टर त्या नावातून सहीसलामत बाहेर आले याचा त्यांना पदवीपेक्षा जास्त अभिमान आहे. खडबडीत हवेत व्ही शेपूट डावी-उजवी हलत राहते, त्यामुळे मागे बसलेल्यांची तब्येत बिघडते. म्हणजे गिऱ्हाईकही बरोबरच असायचं.

जुन्या बोनान्झात फ्लॅपचा, म्हणजे उतरताना पंखामागे खाली सोडायच्या पट्ट्यांचा, आणि चाकांचा खटका इतर विमानांच्या उलट जागी असे. उतरल्यावर धावपट्टीवरून जाता जाता माणूस सवयीने फ्लॅप वर घ्यायला हात पुढे करतो आणि चाकं वर घेतो. विमान बसतं. पंख्याची पाती वाकतात. ही गोष्ट डॉक्टर नेहमी ‘माझ्या एका मित्राची’ म्हणून सांगतात. त्या मित्राचं विमान त्यांच्याच रंगाचं होतं आणि विमा उतरवणाराही तोच होता.

नानांकडे स्वतःचं पूर्ण विमान कधीच नव्हतं. त्यांची सेसना १५० मध्ये भागी होती, आणि भागीदारीत विमानापेक्षा भागीदारच जास्त लक्षात राहतात, तेव्हा ते सोडून देऊ. नाना आमचे इतिहासकार. १९३० सालची गोष्ट त्यांनी सांगितली नाही असा ढगाळ दिवस गेलेला नाही. भारत आणि इंग्लंड यांमधलं अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघालेले, अस्पी इंजिनियर इंग्लंडहून इकडे निघालेले, दोघांकडेही मॉथ जातीची विमानं. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्कप्लगसाठी अडकून पडले होते, वय विशीच्याही आतलं. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग काढून दिला. अस्पी पुढे गेले आणि थोडक्या फरकाने बक्षीस घेऊन गेले.

इथे नाना खिशातून एक स्पार्कप्लग काढून दाखवतात. तो त्यांच्या खिशात कायम असतो. सगळ्या पँटचे खिसे त्यापायी फाटलेत असं घरचे सांगतात. ‘‘कुणाला लागला तर असावा,’’ नाना म्हणतात आणि आळीपाळीने आमच्या चेहऱ्यांकडे बघतात. माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या इंजिनाला प्लग लागणार नाही हे त्यांना ठाऊक आहे.

आता माझी पाळी आली तर मी काय सांगू? म्हणून मी माझ्या विमानाच्या भाऊबंदांची कीर्ती सांगायला लागलो. लास व्हेगासच्या एका हॉटेलच्या जाहिरातीसाठी रॉबर्ट टिम आणि जॉन कुक यांनी ४ डिसेंबर १९५८ ला सेसना १७२ उडवलं ते ७ फेब्रुवारी १९५९ ला उतरवलं. ६४ दिवस, २२ तास आणि १९ मिनिटं. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर ट्रक पळायचा, हे त्याच्या डोक्यावर येऊन त्याच वेगाने उडायचे, दोर खाली सोडून नळी वर ओढायची आणि पेट्रोल भरायचं. एकदा चालवणाऱ्याला डुलकी लागली तर ऑटोपायलटने विमान सांभाळलं. माणसं बसलेल्या विमानाचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. माझ्या अंगावर हे सांगताना काटा येतो.

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘म्हणजे चौसष्ट दिवसांत बंद पडलं नाही?’’

‘‘नाही ना!’’

‘‘मग यात गोष्ट काय आहे?’’

दुसऱ्या वेळी मी माथियास रुस्टला पुढे केलं. २८ मे १९८७. वय १८. हेलसिंकीहून उडाला, सोव्हिएत संघाची सगळी हवाई संरक्षण यंत्रणा ओलांडली आणि मॉस्कोच्या लाल चौकाशेजारी उतरला. तेही १७२ मध्ये. नंतर तिथले संरक्षणमंत्री घरी गेले. यावर डॉक्टर म्हणाले, ‘‘रडारवर कुणाचं लक्षच गेलं नसेल. तुझ्या विमानाकडे कुठे कोण बघतं?’’

मग मी इतिहास सोडला आणि पदरचं काही गोळा होतंय का ते बघू लागलो. एका दमट पण छान उबदार दिवशी इंजिनाची फेरगती हळूहळू उतरायला लागली. कार्बोरेटरमध्ये बर्फ! बाहेर वीसेक अंश तापमान असताना आत बर्फ धरतो हे कुणाला सांगून पटत नाही, पण कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात हवा पसरते, पेट्रोलची वाफ होते, दोन्हींनी मिळून आतला पारा झपाट्याने उतरतो आणि हवेतला ओलावा तिथेच गोठतो. मी कार्ब हीटचा, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणारा, खटका ओढला. इंजिन दोनदा ठसकलं, वितळलेलं पाणी गिळलं आणि पुन्हा गुणगुणायला लागलं. सगळं मिळून मिनिटही नसेल. मी उतरलो तो जवळजवळ नाचतच. गोष्ट मिळाली होती.

‘‘लायकमिंगला?’’ काका म्हणाले. ‘‘त्याचा कार्बोरेटर तेलाच्या डब्याला चिकटलेला असतो, ऊब मिळते त्याला. बर्फ धरावा तर आमच्या कॉन्टिनेंटल इंजिनाने.’’ आणि मग त्यांनी कॉन्टिनेंटलचा बर्फ सांगितला. तो ओसरायला दुपार झाली.

खरं तर माझ्या विमानाच्या दोनच गोष्टी बघण्यासारख्या आहेत आणि दोन्हींत माझा मान वाढत नाही, उलट जातोच. पहिली म्हणजे स्टॉलचा भोंगा. वेग फार कमी झाला, पंख आता हवा सोडणार अशी वेळ आली की तो केविलवाणं रडतो. त्याला वीज लागत नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक बोटभर भोक आहे, आत बाजाच्या पेटीत असते तशी पितळी पट्टी. कमी वेगात तिथली हवा बाहेर ओढली जाते आणि पट्टी वाजते. उडण्याआधी ती वाजते की नाही ते कसं बघायचं? भोकावर रुमाल धरायचा, तोंड लावायचं आणि जोरात हवा ओढायची. रुमाल विसरू नये, कारण आत कीटक राहतात. पहिल्यांदाच विमानात बसायला आलेल्या पाहुण्याला काय दिसतं? ज्याच्या हातात आपण जीव देणार आहोत तो गृहस्थ डोळे मिटून विमानाच्या पंखाचा मुका घेतोय आणि विमान कळवळून ओरडतंय. त्यानंतर मी पाहुण्याला वजन विचारतो. इतक्या अवघड प्रसंगानंतर माणूस सहसा खरं सांगून टाकतो.

दुसरी गोष्ट पंखाच्या मागच्या कडेची. फ्लॅप आणि एलरॉनचा पत्रा पन्हाळी आहे आणि त्याची धार उभ्या माणसाच्या कपाळाला नेमकी येते. न बघता मागे वळलात की कपाळावर हिऱ्याच्या आकाराची खूण उठते. १७२ वाले सगळे वाकून चालतात. बाहेरच्यांना वाटतं विनयशील माणसं आहेत.

वार्षिक तपासणीच्या वेळी मात्र माझी सर्वात जास्त मानहानी होते. मेकॅनिक विमानाची सगळी झाकणं काढतो, खुर्च्या बाहेर मांडतो, आतली प्लास्टिकची अस्तरं काढताना आणखी थोडी तडकवतो. विमान माझं म्हातारंच आहे, यांची सगळ्यांचीच म्हातारी आहेत. अमेरिकेतल्या खटल्यांना कंटाळून सेसनाने १९८६ मध्ये छोटी पिस्टन विमानं बनवणं थांबवलं. १८ वर्षांहून जुन्या विमानासाठी निर्मात्याला कोर्टात खेचता येणार नाही असा कायदा १९९४ मध्ये झाला, तेव्हा कुठे १९९६ पासून ती पुन्हा बनायला लागली. म्हणून तडकलेली प्लास्टिकं आम्ही जपतो. तर या तपासणीत प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडतात आणि त्यातली किती टिकते ते बघतात. आकडे येतात ते आम्ही पोरांच्या गुणपत्रिकेसारखे एकमेकांना विचारतो. डॉक्टरांच्या बोनान्झाच्या एका सिलिंडरला एका वर्षी ८० पैकी ५८ मिळाले होते. त्यावर त्यांचं आणि मेकॅनिकचं काय बोलणं झालं, सिलिंडर कुठे गेलं, किती महिन्यांनी आलं, चुकीचं कसं आलं, यावर अख्खी संध्याकाळ निघते. माझे दरवर्षी ७६, ७७, ७६, ७७. मेकॅनिक कागद हातात देतो आणि ‘‘या आता’’ म्हणतो. त्याच्याही आवाजात निराशा असते. त्याला माझ्याकडून काय मिळणार?

एकदा ढग अचानक फाटले. दुपारचं ऊन पडलं, वारा पडला, धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख. बाकावरचे सगळे उठून उभे राहिले आणि मग सगळ्यांना एकदमच आठवलं, की कब विकलंय, अर्कूप विकलंय, बोनान्झा विकलंय आणि ताईंच्या मूनीची चाकं टेबलावर आहेत. उडण्याजोगं एकच विमान तिथे होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी किल्ली बोटात फिरवली. थोडी जास्तच फिरवली असेन.

चार खुर्च्या आहेत म्हणजे चार माणसं जातात असं नाही. माझ्या १७२ ने जास्तीत जास्त १०४३ किलो घेऊन उडायचं असतं, त्यात विमानाचं स्वतःचं वजन आलं, पेट्रोल आलं. म्हणून दोन फेऱ्या करू म्हटलं आणि वही काढून प्रत्येकाला वजन विचारलं. मंडळी उभ्या जन्मात हा प्रश्न दुसऱ्यांना विचारत आलेली. सगळ्यांनी आपापलं विमान विकलं त्या वर्षीचं वजन सांगितलं. अण्णांचं तर इतकं कमी निघालं की त्यांना लहान मुलाचा पट्टा लावावा लागला असता. मी प्रत्येकाच्या पोटाकडे बघून पेन्सिलीने दुसरा आकडा लिहिला.

पहिल्या फेरीत काका माझ्या शेजारी आणि अण्णा मागे. पुढे बसा म्हटलं तर अण्णा म्हणाले, ‘‘नको. विमान मागूनच चालवायचं असतं.’’ वर गेल्यावर मी काकांच्या हाती चाक दिलं. काकांनी डावीकडे वळण घेतलं आणि पाय जोडून खुर्चीखाली घेतले. पायटे समोर रिकामे. एलरॉनने पंख झुकला, पण नाक उलट्या बाजूला ओढलं गेलं आणि वळणदर्शकातली गोळी एका कोपऱ्यात जाऊन बसली. ‘‘रडर!’’ मागून अण्णा ओरडले. त्यांना गोळी दिसत नव्हती. बूड एका बाजूला सरकलं होतं तेवढ्यावरून त्यांना कळलं. काका म्हणाले, ‘‘रडर आपोआप येतो.’’ ‘‘अरे, कुठून आपोआप येतो? तुझं अर्कूप नाही हे!’’ ‘‘मग याला काय अर्थ आहे?’’ असं करत आम्ही अख्खं चक्कर मारलं. रडर मीच दिला, गुपचूप, दोघांच्याही नकळत. उतरल्यावर काका म्हणाले, ‘‘बघ, आलं की नाही वळण?’’

दुसऱ्या फेरीत डॉक्टर शेजारी, ताई मागे. चाकं जमिनीवरून सुटली त्याच क्षणी मागून ताईंचा हात दोन खुर्च्यांच्या मधे आला आणि काहीतरी शोधत चाचपडायला लागला. त्यांना पेट्रोलच्या टाकीचा खटका सापडला. तो मी त्यांच्या बोटांतून हळूच सोडवला. ‘‘सवय,’’ त्या म्हणाल्या. डॉक्टर मात्र मजेत होते, पण उतरायच्या तयारीत आलो तसे ते अस्वस्थ झाले. पॅनेलवर इकडे तिकडे बघायला लागले.

‘‘चाकं?’’

‘‘खालीच आहेत.’’

‘‘हिरवा दिवा?’’

‘‘दिवाच नाही, डॉक्टर. चाकं वर जातच नाहीत. वेल्ड केलेलीच समजा.’’

‘‘ते ठीक आहे. पण खाली आहेत ना?’’

शेवटी त्यांनी खिडकीतून मान वाकवून उजव्या चाकाची खातरजमा केली आणि ताईंना डावीकडचं बघायला लावलं. पुढच्या चाकाबद्दल त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी जरा जोरात टेकवलं. पण १७२ चे मागचे पाय म्हणजे स्टीव्ह विटमन या अमेरिकन विमानरचनाकाराच्या कल्पनेवरून केलेल्या पोलादी पट्ट्या. त्या फाकल्या, पुन्हा मिटल्या, आणि विमान जणू आपल्याला कुणी बोललंच नाही अशा थाटात पुढे चाललं. सुरुवातीच्या काळात सेसनाची जाहिरातच होती, ‘लँड-ओ-मॅटिक’ चाकं म्हणून. माझं उतरणं कुणाच्या लक्षातही आलं नाही. गोष्ट तिथेही निसटली.

डॉक्टर दार उघडून खाली उतरले. बोनान्झाचे पंख खाली असतात. त्यांच्या आयुष्यातलं सगळं विमान कंबरेच्या खाली गेलेलं. ते ताठ मानेनं, ताईंना हात द्यायला म्हणून झपकन मागे वळले.

आवाज चांगला मोठा झाला. बाकावरून नाना आणि बाकीचे धावत आले. डॉक्टरांच्या कपाळाच्या मधोमध हिरा उमटला होता, अगदी रेखीव, वरच्या टोकाशी रक्ताचा एक थेंब. मी रुमाल काढला, भोंग्याचाच होता, पण वेळ तशी होती. नाना प्लग काढून कपाळावर दाबू लागले, गार धातू म्हणून. काका बाजूबाजूने बघून आले. ‘‘विमानाने केलं हे?’’ ताईंनी विचारलं, जणू मूनीने असं काही केलं नसतं.

‘‘याच्या विमानाने,’’ डॉक्टर म्हणाले, आणि त्या आवाजात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थोडा आदर होता. मी घसा साफ केला. आता सांगायला सुरुवात करावी म्हणून तोंड उघडलं.

‘‘हे काहीच नाही,’’ म्हणत अण्णांनी टोपी काढली आणि डोकं खाली वाकवलं. ‘‘इथे बोट लाव. लाव, लाव. कबच्या दांड्याने. खड्डा लागतोय ना?’’